ट्रँगलवाला

"कोणाला घरी पाठवायचं?" कानामागची पेन्सिल काढत पियानो शिकवणाऱ्या बाई विचारायच्या. समोर अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली सिंफनी, ती बसवायची एका पियानोवर, आणि वाजवणाऱ्याला बोटं दहाच. मग फुल्या पडू लागत. "ट्रॉम्बोन, तुम्ही जेवून घ्या. व्हायोला नक्को, त्यांचं काम डावा हात करतो."

विद्यानगरात मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या कापणं हे माझं काम, म्हणून त्या मला आपल्याच धंद्यातला समजत. जिन्यात भेटल्या की विचारत, "काय पेपरवाले, आज कोणाला कापलं?"

बाई जन्मानं इथल्याच. हळू वाजवण्याची इटालियन खूण खोडून त्या इथल्या बोलीत 'हल्लू' लिहीत. कुकटपल्लीहून शिकायला येणारी शलाका, मूळची पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. तिला तो शब्द बरेच दिवस इटालियनच वाटत होता.

एकाला मात्र बाईंनी कधी घरी पाठवलं नाही. दोरीला टांगलेली तिकोनी कांब, म्हणजे ट्रँगल, वाजवणारा. वाद्यवृंद पाहिला असेल तर तुम्हालाही तो दिसला असेल: सगळ्यात मागे, बराच वेळ नुसता उभा, मग एकच 'टिंग'. हे काढलं तर कोणाला कळणार आहे, असं शलाकानं एकदा विचारलं.

"त्याला कळेल," बाई म्हणाल्या. "इतका वेळ उभा राहिला ना तो."

पियानोची अगदी उजव्या टोकाची पट्टी त्याच्यासाठी राखून ठेवलेली असे.

मग अर्धांगाचा झटका आला आणि बाईंचा उजवा हात गेला. विद्यार्थ्यांच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटी त्या स्वतः वाजवत. यंदा तुमच्याऐवजी मी वाजवते, असं शलाकानं चाचरत सुचवलं. बाईंनी पेन्सिल डाव्या हातात घेतली.

"उजव्यालाही घरी पाठवलं," त्या म्हणाल्या.

सिंफनी पाच बोटांत बसली. मला वाटलं, आता ट्रँगलवाला जाणार. तो राहिला. डाव्या हातानं सगळा पियानो ओलांडून उजवं टोक गाठायचं, तेही वेळेवर. मी खालून ऐकत होतो. शेजारची पट्टी. पुन्हा शेजारची. एके दुपारी धप्पकन आवाज आला, वर धावलो. बाई स्टुलावरून घसरून फरशीवर बसल्या होत्या आणि पेन्सिल शोधत होत्या.

"कायकू आले? लागली नाही अजून."

कार्यक्रमात लागली. स्वच्छ लागली. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा बाई प्रेक्षकांकडे बघत नव्हत्या. पियानोमागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, मग आमच्याकडे वळल्या.

यंदा बाई नाहीत. क्लास शलाका चालवते. परवा तालमीला मी हॉलमध्ये जाऊन बसलो. बाईंचीच पानं लावून ती एका हातानं वाजवत होती. उजवा मांडीवर. टिंगची जागा जवळ आली तसा मला राहवेना. म्हटलं, उजवा मोकळाच आहे की तुझा, पट्टीही त्याच्या बाजूलाच आहे.

"टीचरनी त्याला घरी पाठवलंय, काका."

डावा हात निघाला, स्टूल करकरलं, ती जवळजवळ आडवी झाली. शेजारची पट्टी लागली.

तिनं पान मागे उलटलं.