चालकाचा नंबर

गाडी बंद केल्यावर काका चारही दारांची हँडले एकेकदा ओढून पाहत आणि म्हणत, "झालं. आता बाबांना तरास न्हाई."

शिर्डीच्या वाहनतळावर चालक तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. असे हँडल ओढणारे बहुधा पाहिले नसतील.

सावेडीतली आमची छोटी कंपनी गाड्यांसाठी सुरक्षा यंत्रे बनवते. कोणी किल्लीविना दार उघडले की मोबाईलवर इशारा जातो. तो पाठवणारी प्रणाली माझी आहे. राहात्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीत यंत्र बसवताना त्याचे हे चालक, काका, शेजारी उभे होते. बॅटरी उतरली तर काय, रेंज गेली तर काय, असे ते विचारत होते. माझ्या मुलाखतीतही कोणी इतके नेमके विचारले नव्हते.

"ताई, पर इशारा जातो कुनाला?"

"मालकांना."

"मालक गाडीपाशी कवा असत्यात? माजा नंबर घाला की."

मालक हसले. "ड्रायव्हरचा? म्हणजे चोराला आधी कळवायचं!"

काकाही हसले. "चोरीच करायची तर पंधरा वर्सं कशाला थांबलो आसतो, मालक?"

मी मालकांचाच नंबर भरला. आमच्या नोंदणी अर्जात एकाच मोबाईल क्रमांकाची जागा होती. रचना सुटसुटीत राहावी म्हणून ती मीच तशी ठेवली होती. भोंगाही मालकांनी बंद करवला. पाहुण्यांसमोर गाडी ओरडलेली त्यांना आवडत नसे.

दोन महिन्यांनी मालक सहकुटुंब दर्शनाला गेले. मंदिरात मोबाईल नेता येत नाही, म्हणून सर्वांचे मोबाईल गाडीतच राहिले. मालकांच्या आईची चाकाची खुर्ची ढकलायला काकांना आत नेले. मागे चोराने दार उघडले. माझ्या प्रणालीने क्षणात इशारा पाठवला आणि तो त्याच गाडीच्या कप्प्यात, चोराच्या हाताशी वाजला. मोबाईल गेले, दागिन्यांची पिशवी गेली.

हे सांगितले की लोक हसतात. मला अजूनही हसता येत नाही.

दारावर ओरखडा नव्हता. ड्रायव्हरने गाडी उघडी टाकली, असे मालक म्हणाले. मुद्दामच, असे त्यांचे मेहुणे म्हणाले. त्याच दुपारी काकांचे काम गेले. आमच्या नोंदीत मात्र स्वच्छ लिहिलेले होते: गाडी कुलूपबंद, नंतर दार किल्लीविना उघडले. आमचे साहेब म्हणाले, "नोंद ग्राहकाची असते. त्यांनी मागितलेली नाही." मी ती छापली आणि राहात्याला गेले.

मालकांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "बरं झालं सांगितलंत. पण आता त्याला परत कामावर घेतला, तर आम्हीच चुकलो असं होईल."

"चुकलाच आहात," मी म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो घेतला नाही.

दुसरी प्रत काकांच्या घरी नेली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली.

"ह्यात माजं नाव कुटं हाय?"

नव्हते. गाडीचा क्रमांक होता, मालकांचा होता.

"मंग गाडीनं आपलं आपन कुलूप लावलं, आसंच म्हनतील की." कागद त्यांनी परत दिला. "तुमी लई धावपळ केली, ताई."

पुढच्या आठवड्यात ते कुठल्याशा ट्रकवर परराज्यात गेल्याचे त्यांच्या पत्नीकडून कळले.

मी अर्जात चालकाचे नाव आणि क्रमांक सक्तीचे केले. ग्राहक कुरकुरतात म्हणून साहेबांनी महिन्याभरात ते ऐच्छिक केले. रोज नवे अर्ज माझ्या पडद्यावर येतात. गाडीचा रंगसुद्धा भरलेला असतो. ती एक चौकट तेवढी कोरी असते.