मिस ऑटलीची आजारी आत्या

आमच्या अल्डर क्रीकमध्ये शाळेवर बाई नेमायची म्हणजे सून निवडण्यापेक्षा जास्त चौकशी व्हायची. १९२६ साली व्हर्ना ऑटली आमच्याकडे आली, तेव्हा तिच्याकडून जो करारनामा सही करून घेतला त्यात अकरा कलमं होती. केस आखूड कापायचे नाहीत. नाचाला जायचं नाही. बाप किंवा भाऊ सोडून कुणाही पुरुषाच्या मोटारीत बसायचं नाही. संध्याकाळी आठनंतर बाहेर दिसायचं नाही. आणि लग्न करायचं नाही. केलं तर त्याच दिवशी नोकरी संपली. तिच्याआधीचे मास्तर वर्गात तंबाखू चघळायचे आणि त्यांना तीन पोरं होती, पण पुरुषांसाठी करारनामा अर्ध्या पानाचा होता.

ती माझ्याकडे राहायला आली, कारण मी विधवा, घर मोठं, आणि शाळा पायी दहा मिनिटांवर. आल्या दिवशीच मी तिला सांगितलं, "हे बघ, मी तुझी आई नाही. नाश्ता साडेसहाला, आंघोळीचं पाणी शनिवारी, आणि माझ्या स्वयंपाकघरात सल्ले चालत नाहीत."

"मला सल्ले देता येतात कुठे? मला अंडंसुद्धा नीट उकडता येत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं, हे मला पुढं कळलं.

बाई म्हणून मात्र ती हाडाची होती. आठ इयत्ता, एक खोली, एक शेगडी आणि तीसेक पोरं. तिनं कधी छडी उगारली नाही. पोरगं वांड वागलं की ती त्याच्याकडे नुसती बघत राहायची, आणि ते बघणं इतकं लांबायचं की पोरगं आपणहून जागेवर जाऊन बसायचं. माझ्या भाच्याला भागाकार येईना म्हणून तिनं त्याला महिनाभर आमच्या ओट्यावर बसवून मक्याचे दाणे सारख्या ढिगांत वाटायला लावले. तो आज बँकेत आहे.

ती कलमं पुढं एकेक करून गळून पडली. शाळा मंडळाचे अध्यक्ष ओरिन पॅडॉक; त्यांच्याच धाकट्या मुलीनं एका उन्हाळ्यात मानेपर्यंत केस कापून घेतले, आणि पुढच्या करारनाम्यातून केसांचं कलम गुपचूप नाहीसं झालं. दारोदार मोटारी आल्या तेव्हा मोटारीचं कलम गेलं, नाहीतर बाईला चर्चलाही चालत जावं लागलं असतं. मग रेडिओ आला. ज्या घरात पत्त्यांना सैतानाचा ग्रंथ म्हणायचे त्या घरात शनिवारी नाचाचा बँड वाजायला लागला, तेव्हा नाचाच्या कलमाचं कुणी नाव काढेना. आम्ही बायकाही एव्हाना मत द्यायला जायचो आणि नवऱ्याला न सांगता द्यायचो.

एवढं सगळं बदललं, पण लग्नाचं कलम जागचं हललं नाही. उलट मंदी आल्यावर ते जास्तच कडक झालं. गव्हाला कुणी विचारीना, बाप्ये रिकामे बसले, मग जो तो म्हणायला लागला, "ज्या बाईला नवरा आहे तिनं नोकरी अडवून कशाला बसावं?" रिकाम्या बसलेल्या बाप्यांपैकी एकालाही शाळेत शिकवता आलं नसतं, हा भाग वेगळा.

व्हर्नाला एक आजारी आत्या होती. राज्याच्या हद्दीपलीकडे, कॅन्ससमध्ये, तीस मैलांवर. एकोणतीस सालापासून एक आड एक शनिवारी ती आत्याला बघायला जायची आणि रविवारी संध्याकाळी परत यायची. आत्या बरी होईना आणि मरेही ना. दोन वर्षं झाली, चार झाली. मी एकदा तिच्या कोटावरची धूळ झटकत होते आणि म्हणाले, "व्हर्ना, तुझी आत्या पाइप ओढते का गं?"

ती गळ्यापर्यंत लाल झाली. "थोडासा," म्हणाली. "दम्यावर चांगला असतो म्हणे."

"असं? मग तिला म्हणावं जरा चांगली तंबाखू घे. ही फार उग्र आहे."

यापलीकडे आमच्यात या विषयावर बोलणं झालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या आत्याचं नाव अर्विन टीगार्डन होतं. तिथल्या धान्याच्या कोठारावर तो वजनकाट्याचं काम करायचा. उंच, थोडा वाकलेला, कमी बोलणारा माणूस. आमच्या गावातले निम्मे शेतकरी गहू घेऊन त्याच्याकडेच जायचे, त्यामुळं त्याला सगळे ओळखत होते. तो त्याच्या फोर्डमधून तिला चौरस्त्यावर सोडायचा आणि ती शेवटचा पाऊण मैल चालत यायची. पाऊस असला तरी चालत यायची.

आता आमच्या टेलिफोनबद्दल सांगायला हवं. एका तारेवर अकरा घरं. प्रत्येकाची घंटी वेगळी. आमची दोन लांब आणि एक आखूड. पण घंटी वाजायची अकराही घरांत, आणि कुणाचीही वाजली तरी अकराही घरांत रिसीव्हर उचलला जायचा. आपली ठेवायची झाकून आणि दुसऱ्याची पाहायची वाकून, असला सगळा प्रकार. जितके जास्त कान लागायचे तितका आवाज बारीक व्हायचा, त्यावरून किती जण ऐकताहेत हे समजायचं. पण 'मी ऐकलं' असं कुणी कधी म्हणायचं नाही. ते म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावताना पकडलं जाण्यासारखं. ऐकलेली बातमी दुसऱ्या कुठून तरी कळेपर्यंत लोक तोंडात मूग गिळून बसायचे.

पस्तीस सालचा मार्च धुळीचा होता. भर दुपारी दिवे लावायचो. पोरं नाकाला ओली फडकी बांधून शाळेत जायची. कोठारावर तर धान्याची धूळ आणि वरून ही. मंगळवारी अर्विनच्या छातीत भरलं. व्हर्नाला ते कळलं, पण करते काय? शनिवार यायला चार दिवस होते. आठवड्याच्या मध्येच आत्या कशी आजारी पडणार, ती तर कायमचीच आजारी होती.

गुरुवारी चार वाजता ती शाळेतून आली आणि घंटी वाजली. दोन लांब, एक आखूड. मी उचलला, पलीकडे अर्विनची बहीण फर्न होती. मी व्हर्नाला दिला आणि तिथंच, रिसीव्हरला लागून, उभी राहिले.

"जरा जोरात बोल," व्हर्ना म्हणाली. मग पुन्हा, "फर्न, ऐकू येत नाही, जोरात बोल."

आवाज बारीक होत चालला होता. तारेवर कुठंतरी शाळा मंडळातल्या लुंडीनचं भिंतीवरचं घड्याळ ठण् ठण् चार वाजवत होतं. ते नेहमी आठ मिनिटं मागं असायचं. शेवटी फर्न अक्षरशः ओरडली, ती मलाही ऐकू आली: "अर्विन गेला, व्हर्ना! आत्ता गेला! शेवटपर्यंत माझी बायको कुठाय, माझी बायको कुठाय, एवढंच विचारत होता गं!"

व्हर्नानं रिसीव्हर ठेवला, भिंतीला हात लावून थोडी उभी राहिली आणि वर गेली. मी बटाटे सोलायला घेतले. मला काय करावं ते सुचेना, म्हणून नको तेवढे सोलले.

शनिवारी अंत्यविधी होता. मी तिच्याबरोबर गेले, आत्याच्या गावाला जरा सोबत म्हणून. फर्ननं पुढच्या बाकावर जागा ठेवली होती आणि मान वळवून खुणावत होती. पण आमच्या गावची पाच-सहा माणसं आली होती, त्यांत मंडळाचा खजिनदार लुंडीन आणि त्याची बायको. व्हर्ना पाचव्या बाकावर बसली. नवऱ्याच्या मयतीला ती ओळखीच्या बाईसारखी बसली, आणि मातीची मूठ टाकायची वेळ आली तेव्हा रांगेत सतराव्या नंबरला उभी राहिली. मी मोजलं, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. सोमवारी ती शाळेत होती.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की शेजारणी झाकलेली भांडी घेऊन येतात. शिजवलेला घेवडा, मांसाचा भाजलेला रोट, सफरचंदाचा केक. भांडं परत यावं म्हणून बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. त्या रविवारी आम्ही चर्चहून आलो तर माझ्या ओट्यावर सात भांडी. कोण ठेवून गेलं ते नाही. उलटून पाहिली, तर सातही भांड्यांच्या बुडाची पट्टी खरवडून काढलेली. नाव ठेवलं असतं तर ऐकल्याची कबुली झाली असती. मला गावाचं भारी कौतुक वाटलं. माणसं अशी असावीत, मी मनात म्हटलं. मी स्वतःला धरूनच म्हटलं.

जूनमध्ये शाळेची वार्षिक सभा भरते. संध्याकाळी, शाळेच्याच खोलीत, मोठी माणसं पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून बसतात. व्हर्ना वर्षाचा अहवाल वाचायला समोर होती. तो झाला, आणि बाईंची नेमणूक पुढं चालू ठेवायची का, हा विषय आला. तसा तो दरवर्षी खोकण्याइतक्या वेळात संपायचा. पण लुंडीनची पुतणी डॉरिस नुकतीच शिक्षिकेचं शिकून आली होती आणि तिला जागा हवी होती. लुंडीन उठला. नाकानं कांदे सोलायची त्याला सवयच.

"माझ्या कानावर आलंय की आपल्या बाई लग्न झालेल्या आहेत. होत्या."

पॅडॉकनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कानावर आलंय? कुठून आलंय?"

मी म्हणाले, "सांग ना, पेर लुंडीन. कुणी सांगितलं? नाव सांग."

"लोक म्हणतात."

"कोण लोक? इथं सगळे लोक बसलेत."

प्रत्येकजण समोरच्या बाकावरची पोरांनी कोरलेली अक्षरं वाचत होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "त्याच्या घड्याळाला विचारा, आठ मिनिटांनी सांगेल," आणि बायकांची बाजू खुसखुसली. लुंडीनचे कान लाल झाले, तो खाली बसला. पॅडॉकनं कागद उचलला. "मग हे नोंदवायचं कारण नाही. मिस ऑटली, पुढच्या वर्षासाठी..."

जिंकलो होतो आम्ही. मी पिशवीतून विणकामसुद्धा काढलं.

तेवढ्यात व्हर्ना उभी राहिली. "मी सांगते. चौदा जून, एकोणीसशे एकोणतीस. कॅन्ससच्या कोर्टात."

"मिस ऑटली," पॅडॉक घाईघाईनं म्हणाले, "तुम्ही दमलात. हे वर्ष सगळ्यांनाच कठीण गेलंय. बसा. मला काही ऐकू आलेलं नाही." खरंच सांगते, तो माणूस तिला हात जोडायचा बाकी होता.

"मिसेस टीगार्डन," ती म्हणाली. "ऐकू आलं नसेल तर जोरात बोलते. अर्विन टीगार्डन मार्चमध्ये वारला. मी त्याची बायको होते."

आता कुणाच्या हातात काही राहिलं नाही. कलम होतं, आणि ती स्वतःच्या तोंडानं बोलली होती. ती आता विधवा आहे, विधवेला कलम लागू नाही, असं मी म्हणून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, सहा वर्षं तर लागू होतं ना? हात वर झाले. तिला ठेवा म्हणणारे अकरा, नको म्हणणारे एकोणीस. ती सात भांडी कुणाची हे बायकांना न सांगता कळतं. कुणाच्या कढईला कुठं पोचा आहे आम्हाला पाठ असतं. त्यांतल्या चौघींचे हात एकोणिसांत होते.

आम्ही दोघी चालत निघालो. जूनचं ऊन अजून उतरलं नव्हतं. सभेतली माणसं मोटारींनी आमच्या बाजूनं जात होती आणि धूळ उडत होती. मी फणफणले होते.

"तोंड मिटून बसायला तुझं काय जात होतं? मिळाली होती तुला नोकरी! त्या लुंडीनची दातखीळ बसली होती, आणि तू... कुणी मागितलं होतं तुला खरं?"

"कुणीच नाही," ती म्हणाली.

"मग?"

ती शांतपणे म्हणाली, "फर्न ओरडली ते अकरा घरांनी ऐकलं, सेल्मा. तीन महिने झाले. रोज सकाळी मला लोक भेटतात, हवेबद्दल बोलतात, पोरांच्या अक्षराबद्दल बोलतात. एकानंही मला म्हटलं नाही, की वाईट झालं. एकानंही." आणि माझ्याकडे बघून, "तूसुद्धा नाही."

मला आधी राग आला. मी काय कमी केलं होतं? सहा वर्षं तिचं गुपित सांभाळलं, मयतीला बरोबर गेले. मग माझ्या लक्षात आलं की ती म्हणते ते खरंच आहे. एका घरात राहून, रोज समोरासमोर जेवून, मी तिला ते दोन शब्द बोलले नव्हते. मी ते जपून ठेवले होते आणि त्याला शहाणपण म्हणत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी रस्त्याच्या मधोमध थांबले. "फार वाईट झालं, मिसेस टीगार्डन," मी म्हणाले. "तुमचे मिस्टर चांगले होते. फार वाईट झालं."

तिनं माझा दंड धरला आणि रडायला लागली. मोठ्यानं, लहान पोरासारखी, भर उजेडात. मागून आलेल्या मोटारीनं वेग कमी केला. व्हर्नानं कोण आहे ते वळूनही पाहिलं नाही.