आहे तस्सा फोटो

मेमरी कार्ड भरलं तर रिकामं करता येतं हो, किश्शांचं काय करायचं? लातूर-नांदेडच्या गावांतून फोटो काढत फिरतोय, पण फोटोंपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. मला गावाकडच्या चेहऱ्यांचं प्रदर्शन भरवायचंय. अट एकच, माणूस आहे तसा दिसला पाहिजे. आणि घोडं इथंच पेंड खातं!

*

चाकूरजवळ बाभळीखाली एक काका बसले होते. आठ दिवसांची पांढरी दाढी, डोक्याला मळका रुमाल. काय चेहरा होता! "हाव, काढा की. आलोच," म्हणून ते घरात गेले. तासाभरानं आले ते गुळगुळीत दाढी करून, मिशा काळ्याभोर रंगवून आणि पोराचा गॉगल लावून.

मी काकुळतीला आलो. "काका, मघाशी होतात तसेच हवे होते!"

"तसा तर मी रोजच दिसतो. त्याला फोटो कशाला?"



*

शिरूर अनंतपाळकडच्या एक आजी कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बसल्या.

"आजी, जरा हसा की!"

"हसलं की फारम रिजेक्ट होतंय!"

ही कुठलीच योजना नाही, नुसता फोटो आहे, असं मी दहा वेळा सांगितलं. आजींनी समजूतदारपणे मान डोलावली आणि अंगठा पुढे केला. मागे वळून बघतो तर आधारच्या झेरॉक्स घेऊन अख्खी गल्ली रांगेत उभी!

*

देगलूरकडच्या एका मावशींनी विचारलं, "आमचे फोटो घेऊन काय करून राहिले तुमी?"

"शहरात भिंतीवर लावणार. लोक बघायला येतील."

"वळखीचे?"

"नाही, कोणीही."

मावशींनी मला आत बोलावून चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "घरचं कुणी न्हाई का वो तुमाला?"

*

जळकोटजवळ मात्र सुभद्राबाईंनी स्वतःच हाक मारली. सत्तरी ओलांडलेली बाई. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन तयार.

"माझ्या आईचा फोटो काढा."

मी घरात डोकावलो. "कुठायत आई?"

"तिला जाऊन तीस वर्सं झाली. बापाचा फोटो हाय भिंतीवर, आज्याचा हाय. तिचा एक बी न्हाई. सगळे म्हणतेत मी हुबेहूब तिच्यावाणी दिसते. आता तिच्याच वयाची झाले. मग काढा की माझाच!"

"पण बाई, फोटो तुमचाच येईल ना?"

"तुमी काढा तर."

माझं डोकं चालेना, हात मात्र चालले. इतक्या दिवसांत असा चेहरा मिळाला नव्हता. वही काढून मी विचारलं, "खाली नाव कुणाचं लिहू?"

"आईचं. गयाबाई."

पंधरा दिवसांनी फ्रेम घेऊन गेलो. वाटेत एकच विचार. त्यांनी ओळखलंच नाही तर? कुणाला ओळखायचं, तेही मला कळत नव्हतं.

सुभद्राबाईंनी फ्रेम दोन्ही हातांत धरली. काचेवरून पदर फिरवला.

मग म्हणाल्या, "आई, किती वाळलीस गं!"