सिंहाची परवानगी

शिंक आली तरी आधी इकडेतिकडे बघून ‘चालेल ना?’ असं डोळ्यांनी विचारणारा माणूस साऱ्या जर्मनीत एकच आहे, आणि ते नेमके माझे मामेसासरे आहेत. स्वतःच्या बागेतलं झाड तोडायला जिथे अर्ज करावा लागतो आणि रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी दारात उभा राहतो, त्या देशातल्या लोकांनाही आमचे मामा जरा जास्तच वाटतात. माझ्या लग्नानंतर महिन्याभरात त्यांचं मला एक पत्र आलं. लग्नातला माझा फोटो त्यांना त्यांच्या फ्रिजच्या दारावर लावायचा होता. माझी हरकत नसल्यास खाली सही करून एक प्रत परत पाठवावी, अशी विनंती होती. मी हसत हसत फोन केला, ‘अहो मामा, लावा की!’ त्यावर ते त्यांच्या जर्मन सवयीप्रमाणे म्हणाले, ‘आल्झो, म्हणजे तर मग, जावईबापू, तोंडी नको. उद्या तुम्हीच म्हणाल, हा फोटो इथे कसा?’ मी निमूटपणे सही केली.

मामा तीस वर्षं रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि आता निवृत्त आहेत. मामी तिथल्याच, नाव हानेलोरे. त्यांना आलेला पहिला मराठी शब्द ‘परवानगी’, आणि तो त्या इतका स्वच्छ उच्चारतात की आपण चाट पडावं. मामांनी त्यांना मागणी घातली ती थेट त्यांच्या वडिलांना टाइप केलेलं पत्र पाठवून, सोबत कारखान्याचा दाखला जोडून. ‘माझ्या वडिलांनी ते पत्र तीनदा वाचलं,’ मामी सांगतात, ‘आणि मला म्हणाले, हा मुलगा तुला मागतोय की गॅरेज भाड्याने मागतोय?’ एवढं सांगून झालं की मामी मामांच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा वाढतात, आणि मामा तोही ‘घेऊ का?’ असं विचारूनच खातात.

मामांचा खरा संसार तळघरात आहे. तिथे लांबरुंद फळ्यांवर त्यांनी आगगाडीचं एक अख्खं जग उभं केलं आहे. डोंगर, बोगदे, पूल, बोटाच्या पेराएवढी माणसं, आणि त्यातून झुकझुकत जाणाऱ्या गाड्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेलो, पण काहीतरी चुकल्यासारखंही वाटलं. थोड्या वेळाने लक्षात आलं की एकाही डब्यावर कुठल्याही रेल्वेचं नाव नव्हतं, चिन्ह नव्हतं. चिन्हाच्या जागी पांढरा चौकोन. विचारल्यावर मामांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. खेळण्यातल्या डब्यावर एखाद्या रेल्वेचं चिन्ह छापून तो विकायचा, तर त्या रेल्वेची परवानगी काढावी लागते आणि वर बहुतेकदा फीही भरावी लागते. तिला इथे लिझेन्सगेब्यूर म्हणतात. ‘पण मामा, तुम्ही कुठे विकताय? तुमच्या तळघरात कोण बघायला येणार?’ मी म्हटलं. ‘तुम्ही आलात ना,’ मामा म्हणाले.

मामांच्या हौशी मंडळात असे अकरा जण आहेत. अध्यक्ष हेर (म्हणजे श्रीयुत) क्रामर हे घसघशीत अंगाचे गृहस्थ. लिझेन्सगेब्यूरचं नाव काढलं की त्यांचा चेहरा लाल होतो. ‘आम्ही त्यांच्या गाड्यांवर जीव टाकतो, फुकट जाहिरात करतो, खरं तर त्यांनीच आम्हाला काहीतरी द्यायला हवं!’ असं ते दर बैठकीत गरजतात आणि दर बैठकीत मामा हात वर करून, बोलण्याची परवानगी घेऊन, शांतपणे म्हणतात, ‘दुसऱ्याचं नाव लावून मिरवायचं तर विचारून मिरवावं.’ बाकीचे नऊ जण कॉफी ढवळत बसतात.

हे मंडळ दर वर्षी नाताळाआधीच्या प्रदर्शनात विकायला एक खास डबा काढतं. गेल्या वर्षी मामांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. त्या वर्षीचा डबा त्यांच्या वडिलांच्या रेल्वेचा असावा, असं ते म्हणाले. वऱ्हाडातली ती एक चिमुकली, अरुंद रुळांची गाडी होती, केव्हाच बंद पडलेली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मामांनी त्याची परवानगी घेतलेली नाही. मामांचे वडील त्या रेल्वेच्या कारखान्यात रंगारी होते. डब्यांवर नाव नसायचंच, मधोमध गोलात एक सिंह असायचा, आणि तो प्रत्येक डब्यावर त्यांनी हाताने रंगवलेला. वडिलांची मागे राहिलेली खूण म्हणजे त्या सिंहाचा एक जुना फोटो, तेवढीच. क्रामर विरघळले. मात्र सप्टेंबर संपायच्या आत परवानगी हातात हवी, नाहीतर गावातल्या बिअरवाल्याचा डबा काढायचा, असं ठरलं. बिअरवाला परवानगीही देत होता आणि वर एक क्रेटही.

मग मामांची पत्रं सुटली. रेल्वे बुडाली होती, पण तिचं चिन्ह हातोहात फिरत एका कंपनीकडे गेलं होतं. तिचा पत्ता शोधण्यात एप्रिल गेला, पहिल्या पत्राच्या पोचपावतीत जून. मामांनी सिंहाच्या फोटोची प्रत जोडली, फी कळवावी म्हणून लिहिलं, परतीचं पाकीटही घातलं. दरम्यान त्यांनी फोटोवरून छपाईचं चित्र स्वतः काढलं. फोटोत सिंहाचा एक कान पडलेला दिसत होता, तो त्यांनी चरा समजून नीट ताठ केला. त्या दिवसांत ते पोस्टमनला खिडकीतून बघायचे आणि तो पुढे गेला की उगाच बागेतली पानं गोळा करायला लागायचे. मामी हे फोनवर सांगायच्या तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

उत्तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलं. नेमका मी आणि बायको तिथेच होतो. मामांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. चार ओळी होत्या. ‘आमच्या नोंदीतील चिन्हात सिंह आहे. आपण पाठविलेल्या छायाचित्रात कुत्रा आहे. सबब आमच्या परवानगीची वा फीची आवश्यकता नाही. कळावे.’

‘मामा, सुटलात की!’ मी म्हणालो. ‘सुटलो?’ मामांनी पत्र माझ्या हातातून परत घेतलं. ‘माझ्या बापाला सिंह काढता येत नव्हता, असं म्हणतात ते! कुत्रा म्हणून मिळालेली मोकळीक मला नको. क्रामरना सांगा, बिअरचा डबा काढा.’ आणि ते वर जाऊन झोपून राहिले. मामी म्हणाल्या, चाळीस वर्षांत हा माणूस दुपारी झोपलेला मी पाहिला नाही.

शेवटी माझ्या बायकोने अमरावतीला व्हिडिओ कॉल लावला. तिथे माझ्या सासूबाई असतात, म्हणजे मामांच्या थोरल्या बहीण, त्यांच्या अक्का. तिने फोन मामांच्या पुढ्यात धरला, तो फोटो आणि मामांनी काढलेलं चित्र दाखवलं आणि पत्र वाचलं. अक्कांनी फोन अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

‘अरे, कुत्राच आहे तो! आपला मोत्या!’

मामा उठून बसले.

‘बाबांनी सिंह पाहिला होता कुठे? कचेरीतून नमुना आला तो तिकिटावरच्या चित्राएवढा. मी रोज बाबांचा जेवणाचा डबा घेऊन जायची, मोत्या माझ्याबरोबर यायचा आणि बाबांच्या पुढ्यात बसून राहायचा. बाबांनी त्याचंच तोंड काढलं आणि वर आयाळ लावली.’

‘आणि कोणी ओळखलं नाही?’

‘सगळ्यांनी ओळखलं. साहेब सोडून.’

‘मग मला कसं माहीत नाही?’

‘तू पाळण्यात होतास. मोत्या तुझ्या पाळण्याखाली झोपायचा, परक्याला जवळ येऊ द्यायचा नाही. तू चालायला लागलास आणि तो गेला.’

मामांनी फोटो हातात घेतला. ‘बाबांनी कधी सांगितलं नाही मला.’

‘तू विचारलं होतंस का?’ अक्का म्हणाल्या. ‘साऱ्या जगाला पत्रं लिहितोस. एकदा घरी विचारायचं.’

‘मग लावू का गं, अक्का?’

‘लाव. आणि तो कान पाड. पडलेलाच होता त्याचा.’

मामा तसेच तळघरात गेले आणि त्यांनी कान पाडला.

प्रदर्शनाच्या दिवशी डबे दुपारपर्यंत संपले. पोरं काचेला नाक लावून ‘हुंड! हुंड!’ म्हणून ओरडत होती. कुत्रा आहे हे त्यांना कोणाला सांगावं लागलं नाही. क्रामर बिअर पीत सगळ्यांना सांगत होते की फी नसलेला सिंह जगात हा एकच. मामांना मात्र चैन नव्हतं. त्यांनी अक्कांना रीतसर फॉर्म पाठवला होता, चित्राच्या वारसदार म्हणून. तो सहीसह परत आला. फीच्या रकान्यात अक्कांनी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘येऊन जा.’

मामा नऊ वर्षांत तिकडे गेले नव्हते. दर वेळी आधी पत्र, मग सोयीची विचारणा, मग त्यावर खुलासा, यातच वर्ष निघून जायचं. या जानेवारीत मात्र ते एका सकाळी बॅग भरून निघाले, मामींनाही स्टेशनवरून फोन केला. अमरावतीच्या घराची बेल वाजवली तेव्हा त्यांच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात तो डबा. अक्कांना आता नीट दिसत नाही. त्यांनी डबा हातात घेऊन अगदी डोळ्यांजवळ धरला आणि त्या गोलावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग त्यांनी मामांना आत घेतलं आणि म्हणाल्या, ‘अरे, कळवून तरी यायचंस.’