हरण्या ओढ्यापलीकडं बसला

माझा कुत्रा हरण्या ओढ्यापलीकडं बसला होता आणि मी अलीकडं. मधे दहा पावलांचा कोरडा ओढा. गडी सशामागं पळाला, ससा निसटला, आणि आता हा जीभ बाहेर काढून माझ्याकडं बघत होता. हाक मारली की कान उभे करायचा, शेपूट हलवायचा, पण जागचा हलायचा नाही. बहिरा असता तर मला एवढा राग आला नसता.

जन्मभर शिकारी कुत्री शिकवली, पण असलं आडमुठं पोर पाहिलं नाही. आपण एकदा उठून त्याच्याकडं गेलो की संपलं, मग ते कधीच हाकेला येत नाही. आणि हाकेला न येणारं कुत्रं रानडुकराच्या सुळ्यावर जातं. तशी दोन मी याच ओढ्याकाठी पुरलीत.

दुसरीत असताना मीही शाळेतून पळालो होतो. मास्तरांची हाक ऐकली, वळून बघितलं आणि पुढं गेलो. त्यांच्या घशाचं काय झालं असेल ते आज कळलं.

बांधावरून माझी म्हातारी ओरडली, "अवं, भाकरी गार झाली! दोघांत शहाणं कोण ते ठरलं की या!"

"आधी तो येईल," मी म्हणालो.

"तो पण हेच म्हणत असंल!"

शेवटी त्याच्याकडं पाठ करून मी घराची वाट धरली. थोड्या वेळानं मागं वाळू करकरली, मग धापा ऐकू आल्या. वळून बघायला जीव नुसता तडफडत होता. पण वळलो असतो तर तो पुन्हा तिथंच बसला असता, आणि त्याच्यासमोर मीही.