कोंड्याच्या कोठीला खिडकी

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळाला तुम्ही शेवटचा हात कधी लावलात? पाया पडायला वाकलात, ते धरू नका. ताप आहे का हे बघायला म्हणून हात लावला, असं शेवटचं कधी घडलं?

पाच आठवड्यांपूर्वी मी हा प्रश्न स्वतःला विचारला. त्या सकाळी मी गोंदियातल्या आमच्या छापखान्यात खिळे जुळवत उभा होतो. पत्रकाचा मथळा तयार झाला होता, ‘म्हाताऱ्यांचा कोंडवाडा’. तेवढ्यात पायरीखाली लखन येऊन उभा राहिला. रेल्वेलाइनच्या पलीकडे, बंद पडलेल्या भातगिरणीत जो वृद्धाश्रम चालतो, तिथला तो आचारी. फ्लूची साथ आल्यापासून त्याला कुणी दुकानात घेत नव्हतं, म्हणून तो सवयीनेच बाहेर थांबला. “भैया, माई सबेरे चली गई,” एवढंच म्हणाला. मग खाली बघत, “लकड़ी गीली है... मिट्टी का तेल मिलेगा क्या?” छापखान्यात खिळे धुवायला घासलेट असतं. मी डबा उचलला आणि त्याच्यामागे चालू लागलो.

माई म्हणजे आमची कौतिकामाय. चोरखमाऱ्याच्या तलावावर ज्या गावांचं धान पिकतं, त्यांतल्या आमच्या गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातात जन्मलं, मीही. मी पायाळू. ही गोष्ट ती चारचौघांत सांगायची. “तुहा बाप बाहेर बिडीवर बिडी ओढून राहिला होता, अन् तू उलटा येऊन राहिला होता. तवापासूनच उलट्या डोक्याचा हायेस गा परश्या!” इंग्रजांच्या काळात माझे वडील गावोगाव पत्रकं पोचवायचे. शिपाई वाटेत सगळ्यांची गाठोडी उचकून बघत, पण सुइणीच्या गाठोड्याला कुणी हात लावत नसे. ती पत्रकं कौतिकामायच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांत गुंडाळून जायची. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्याच पत्रकांवरून, आणि त्यांना हळदीचा आणि एरंडेलाचा वास यायचा. तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. पण पत्रक निघालं की काहीतरी बदलतं, यावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास होता.

नवरा गेला, मूल नव्हतंच. हात कापायला लागले तशी बाळंतपणंही सुटली. पुतण्याने तिची धानाची बांदी कसायला घेतली आणि तिला आश्रमात आणून सोडलं. मी चिडलो, तर मलाच म्हणाली, “इथं आयता भात भेटते, वर कौलं हायेत. काऊन रडू?” आश्रमात ती रमलीही होती. गिरणीच्या लांबलचक दालनात एका बाजूला बायकांच्या चटया, मधे बांबूची तट्टी, पलीकडे पुरुष. तिच्या शेजारची चटई यमुनाबाईची. यमुनाबाई प्रतापगडाकडची. दोघी एकाच डबीतला गुडाखू, म्हणजे गुळात मळलेली तंबाखू, दातांना लावायच्या आणि डबी कुणी संपवली यावरून रोज भांडायच्या.

यंदा फ्लू आला तो, लोक म्हणतात, रेल्वेने आला. आश्रमाचं फाटक बाहेरच्यांना बंद झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ज्याला ताप येईल त्याला वेगळं ठेवा. सांगितलं ते बरोबरच होतं. आश्रमाचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, त्यांच्याकडे वेगळी जागा म्हणून एकच खोली होती, मागची कोंड्याची कोठी. गिरणी चालू असताना तांदळाचा कोंडा तिच्यात साठवत. तिला खिडकी नाही. भिंतीत डोक्याच्या उंचीवर हात जाईल एवढा एक झरोका, आणि एक दार. आजाऱ्यांना तिथे नेऊन निजवलं जाई. लखन पेजेचं भांडं उंबऱ्याच्या आत सरकवून दार ओढून घेई, कारण आत कुणी जायचं नाही असा हुकूम होता. ज्याला हात उचलता येई तो पेज पिई. पहिले तिघे आत चालत गेले आणि तिरडीवरून बाहेर आले. त्यानंतर आश्रमात फ्लूला कुणी घाबरेना. सगळे कोठीला घाबरायला लागले.

त्यातच आश्रमातला एकुलता एक थर्मामीटर फुटला. नवा गावात मिळेना. तेव्हा गुरुजींना कौतिकामायचा हात आठवला. जन्मभर बाळंतिणीचा ताप तिने तळहाताने ओळखला होता. रोज सकाळी ती चटयांच्या रांगेतून फिरायची, एकेकाच्या कपाळाला हात लावायची आणि मागे उभ्या असलेल्या गुरुजींना सांगायची, थंडं किंवा गरम. गरम म्हटलं की कोठी. म्हाताऱ्यांनी मग युक्ती काढली. ती यायच्या आधी लुगड्याचा, धोतराचा ओला पदर कपाळावर धरून ठेवायचा. दोनच दिवसांत तिला ते कळलं, आणि ती कपाळ सोडून मानेच्या मागे हात घालायला लागली. त्या दिवसापासून जेवताना तिच्या शेजारी कुणी बसेना. ती पंगतीत आली की गंगूबाई नावाची म्हातारी मोठ्याने म्हणायची, “सरका वो, यमाची चपराशीन आली!”

हे तिने मला काटेरी कुंपणाआडून सांगितलं. मी पेटलो. म्हटलं, “माय, तू कायले करून राहिली हे काम?”

“मंग कोन करन? गुरुजीचा हात बर्फावानी थंडा हाय. त्याले सारेच गरम लागतीन.” आणि स्वतःच हसली.

मी सांगितलं, पत्रक काढतो. स्वराज्याला दहा वर्षं झाली आणि म्हातारी माणसं गुरांसारखी कोंडली जातात, हे छापतो. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “जे लिहायचं थे लिही. पन पयले लिही का त्या कोठीले खिडकी पाडा. अन् आत एक मानूस बसाले पायजे. मानूस आत बसला, उजेड आला, का बुढे आपल्या पायानं जाऊन निजतीन. ताप चोरनार नाही.”

खिडकी! मला तिची कीव आली होती, हे आज लिहिताना लाज वाटते. एवढ्या मोठ्या अन्यायाविरुद्ध उभं राहायचं आणि मागायचं काय, तर एक खिडकी? मी घरी येऊन पत्रक लिहिलं. त्यात धनिकांची दानशूरता होती, समाजाची झोप होती, फाटक फोडण्याची हाक होती. खिडकी नव्हती.

पुढचं मला नंतर यमुनाबाईने सांगितलं. एका सकाळी कौतिकामायचा हात तिच्या मानेला लागला, तेव्हा मान भाजत होती. यमुनाबाईने मायचं मनगट धरलं. गुरुजी मागे उभे होते. कौतिकामाय म्हणाली, “थंडी हाय.” असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी त्या रांगेतल्या चौघी तापल्या. त्यांत गंगूबाईही होती. तेव्हा कौतिकामाय गुरुजींपुढे जाऊन उभी राहिली. “माह्या हातानं खोटं सांगतलं गुरुजी. माह्यामुळं झालं हे.” गुरुजी काही बोलायच्या आत तिने यमुनाबाईला उठवलं, गंगूबाईला काखेत हात घालून उभं केलं, आणि त्या सगळ्यांबरोबर ताप नसताना कोठीत गेली. गुरुजी हुकूम आठवून दाराशी आडवे आले होते म्हणे. तिने त्यांना विचारलं, “बाळंतिणीले आत टाकून सुईन बाहेर बसते का कधी?”

आठ दिवस ती आत होती. पेज ती भरवायची, अंग ती पुसायची, अंधारात हाका मारून कोण जागं आहे ते बघायची. यमुनाबाई उठली. गंगूबाई उठली नाही. शेवटच्या रात्री ती मायचा हात सोडत नव्हती आणि तिला ‘माय’ म्हणत होती, चपराशीण नाही... माय कोठीत गेल्याचं कळताच आम्ही तिच्या पुतण्याला निरोप धाडला होता. उत्तर आलं, धानाची रोवणी सुरू आहे.

सातव्या दिवशी दुपारी मी कुंपणाखालून आत शिरलो आणि कोठीच्या मागे गेलो. दोन विटांवर चढून झरोक्याला तोंड लावलं. आतून कोंड्याचा आणि आजाराचा कोंदट वास येत होता, दिसत काही नव्हतं. हाक मारली.

“कोन, परश्या? ...पत्रक झालं का गा?”

“होऊन राहिलं, माय.”

“खिडकीचं लिवलं का?”

आत कुणीतरी कण्हलं. मग मी म्हणालो, “हो.”

“साजरं झालं.” ती कशावर चढली होती कोण जाणे, झरोक्यातून तिचा हात बाहेर आला. चाचपत माझ्या कपाळाला लागला, मग मानेच्या मागे गेला. तो हात चुलीतल्या विटेसारखा तापलेला होता. “थंडा हायेस,” ती म्हणाली. “जा घरी. इथं थांबू नोको.”

मी गेलो. दुसऱ्या सकाळी लखन आला.

चितेपाशी गुरुजी होते, लखन होता, मी होतो. परत येऊन मी ‘म्हाताऱ्यांचा कोंडवाडा’ मोडून टाकलं आणि खिळे पुन्हा त्यांच्या खणांत टाकले. साथ आता ओसरली आहे. फाटक उघडं आहे. यमुनाबाई रोज सकाळी उठून कोठीच्या उंबऱ्यावर जाऊन बसते, आत कुणी असो नसो. गुडाखूची डबी शेजारी ठेवते, आता ती कुणाशी भांडत नाही. परवा गेलो तेव्हा आत खिरोडकर नावाचे एक म्हातारे खोकत पडले होते. साधा खोकला होता, पण खोकला म्हणजे कोठी हे आता ठरून गेलं आहे. झरोका तेवढाच आहे, हाताएवढा.

गुरुजींची खिडकीला हरकत नाही. लखन म्हणतो, छिन्नी माझी, एका दिवसात पाडतो. आश्रम चालवणारे विश्वस्त म्हणतात, गिरणी पुन्हा सुरू झाली तर भिंत लागेल. हे विश्वस्त तुमच्या ओळखीचे आहेत. तुम्ही त्यांच्या दुकानात बसता, लग्नांत त्यांच्या पंगतीला जेवता.

म्हणून या पत्रकातली माझी मागणी एवढीच आहे. या आठवड्यात त्यांच्यातला कुणी भेटला, तर त्याला कोठीच्या मागे घेऊन चला. तिथे अजून दोन विटा एकावर एक पडलेल्या आहेत. त्यांच्यावर त्याला चढवा, झरोक्यातून आत बघायला लावा, आणि तो खाली उतरला की भिंत फोडायची परवानगी तिथल्या तिथे मागा. खिडकी जमिनीपासून हातभरच वर हवी, निजलेल्या माणसाला बाहेरचं दिसेल अशी. आणि ती पडेपर्यंत, ज्याला सवड असेल त्याने आत जाऊन तासभर खिरोडकरांपाशी बसा. जाताना त्यांच्या मानेला हात लावून बघा.

मी तिला हो म्हणून आलो आहे.