पेट्रोलचे डोहाळे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मेघनाला, तर नाहीच – आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

तिला तेव्हा सहावा महिना होता. आमची गाडी जुनी. सकाळी स्टार्टर नुसता कुरकुरायचा, इंजिन काही चालू होत नसे. मेघना म्हणायची, "गाडीत पेट्रोलचा वास येतोय." मला येत नव्हता? येत होता. हीटर लावला की थेट नाकात शिरायचा. पण मी म्हणालो, "अगं, डोहाळे आहेत तुझे."

आणि सगळ्यांनी ते उचलून धरलं, याचा अजून संताप येतो! पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "मलाही उदबत्ती सहन व्हायची नाही." डोहाळजेवणाला इथल्या, ग्लासगोतल्या आमच्या मराठी मंडळींनी 'पेट्रोलचे डोहाळे' म्हणून गाणं रचलं. हॉलभर हशा. बाईचं नाक खरं असेल, असं एकालाही वाटू नये? – पण मी कुणावर ओरडतोय? सुरुवात कुणी केली होती?

मला ठाऊक होतं. पेट्रोलचा फिल्टर मीच बदलला होता, व्हिडिओ बघून. गॅरेजवाले लुटतात म्हणत चारचौघांत मिरवलंही होतं. त्यानंतरच हे सगळं सुरू झालं. एका रविवारी बॉनेट उघडून जोडावर बोट फिरवलं – ओलं. रबरी रिंग मी वाकडी बसवली होती. थेंब थेंब गळून रात्रीत पाइपातला दाब जायचा, म्हणून सकाळी गाडी अडून बसायची. निदान झालं. तरी गप्प राहिलो, पितळ उघडं पडेल म्हणून. नवी रिंग मिळेपर्यंत – नाही, खोटं नको – रिंग आणायला मी गेलोच नाही. कितीतरी दिवस तिला त्याच गाडीत बसवलं. पोटात आमची मुलगी. एक ठिणगी पुरली असती!

शेवटी गुपचूप रिंग बदलली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज वास नाहीये रे." आणि मी, निर्लज्ज, तोंड वर करून म्हणालो, "बघ, संपले डोहाळे."

"सॉरी," ती म्हणाली, "उगीच डोकं खाल्लं तुझं."

तिने माझी माफी मागितली. मी ती घेतलीसुद्धा.

परवा स्वयंपाकघरात शेगडीचा गॅस उघडा राहिला. मुलगी तिथेच टेबलाशी होमवर्क करत होती. मेघनाला वास आला, पण तिने बटण बंद केलं नाही, खिडकी उघडली नाही. जिन्यापाशी येऊन आधी मला हाक मारली, "वास येतोय का रे, की मलाच वाटतंय?"

"येतोय," मी म्हणालो. धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. बाकीचं तेव्हाही सांगितलं नाही.